पायाला सुट्टी, डोळ्यांना नाही

बाई गाडी चालवायला बसली की गाडीतल्या प्रत्येकाला वेगाबद्दल मत सुचू लागतं. मागे बसलेल्या सासूबाई म्हणतात, "जरा हळू गं." शेजारी बसलेले आमचे हे म्हणतात, "अगं, दाब की थोडी, मागचा हॉर्न वाजवतोय." मधे बसलेला चिरंजीव काट्याकडे बघून क्रिकेटचा स्कोअर सांगावा तसा आकडा सांगत असतो. माझ्या बहुतेक मैत्रिणींचा हाच अनुभव आहे. म्हणूनच क्रूझ कंट्रोल ज्यांनी शोधून काढला त्यांची हकिकत वाचली तेव्हा मला हसूच आलं. ते गृहस्थ गाडी चालवणाऱ्यांपैकी नव्हतेच, शेजारी बसणाऱ्यांपैकी होते!

राल्फ टीटर हे त्यांचं नाव. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात १८९० साली जन्मले. पाचव्या वर्षी अपघात होऊन दृष्टी गेली. पण पुढे इंजिनिअर झाले, पिस्टन रिंगा बनवणाऱ्या मोठ्या कारखान्याचे प्रमुख झाले. त्यांचे वकील गाडी चालवताना बोलू लागले की वेग कमी करत आणि ऐकू लागले की वाढवत, त्या हिसक्यांनी टीटरसाहेब वैतागले आणि वेग एकसारखा ठेवणारं यंत्र करायच्या मागे लागले, असं सांगतात. १९५० साली त्यांना त्याचं पेटंट मिळालं आणि १९५८ मध्ये क्रायस्लर कंपनीच्या इंपीरियल गाडीत ते प्रथम आलं. ज्याला रस्ता दिसत नव्हता त्याला वेगातला फरक मात्र अंगाने कळत होता. सासूबाईंना मी ही गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, "बघ, मागे बसणाऱ्याचं ऐकलं की शोध लागतात."

आता आमच्या घरात ही वस्तू का आली ते सांगते. माझं माहेर मेहकरचं, बुलढाणा जिल्ह्यातलं. वडील तीन वर्षांपूर्वी गेले. आई एकटी असते. नाशिकला ये म्हटलं तर म्हणते, "शारंगधर बालाजीला सोडून कुठं येऊ?" भाऊ परदेशात. म्हणजे तिचं ब्लडप्रेशर वाढलं, चष्मा हरवला, नळ गळू लागला, की धावायचं मीच. शाळेत मी आठवड्याचे तीनच दिवस शिकवते, त्यामुळे दर तीन आठवड्यांनी शुक्रवारी निघून रविवारी परत येणं जमतं. पूर्वी एस.टी.ने अख्खा दिवस मोडायचा. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, मे २०२३ मध्ये तो पुढे भरवीरपर्यंत आला, आणि माझी चांगलीच सोय झाली. आता सिन्नरला जाऊन गोंद्याजवळ महामार्गावर चढलं की थेट मेहकरलाच उतरायचं. तीनशेच्या आसपास किलोमीटर होतात.

पण माझा उजवा पाय! धाकटीच्या वेळेपासून कंबरेतून पोटरीपर्यंत कळ येते. डॉक्टर तिला सायटिका म्हणतात, मी तिला काही वेगळंच म्हणते. शहरात गाडी चालवताना पाय सतत हलत असतो, तेव्हा काही होत नाही. सरळ रस्त्यावर मात्र तो अॅक्सिलरेटरवर एकाच कोनात दोन-दोन तास धरून ठेवावा लागतो. जालना येईपर्यंत पोटरी दगडासारखी व्हायची. मेहकरला उतरले की आईच मला गरम पाण्याची पिशवी द्यायची. गेले होते तिचं करायला!

घरात ह्यावर बैठक झाली. ह्यांचं म्हणणं, ड्रायव्हर घेऊन जा. मी हिशोब मांडला. ड्रायव्हरचे तीन दिवसांचे पैसे, त्याचं जेवण, त्याची रात्रीची सोय. शिवाय आईच्या दोन खोल्यांच्या घरात परका माणूस झोपवायचा कुठे? सासूबाईंचं म्हणणं, महिन्यातून एकदाच जा. ह्या सूचनेवर मी काही बोलले नाही, कुकर लावायला उठले.

तोडगा काढला मामंजींनी. त्यांची सगळी नोकरी सातपूरला डिझेल इंजिनाच्या नोझल बनवण्यात गेली, त्यामुळे यंत्र म्हटलं की त्यांना अजूनही हुरूप येतो. ते म्हणाले, "वेग एकसारखा ठेवणं ही जुनी विद्या आहे. जेम्स वॉटने सतराशे अठ्ठ्याऐंशीत वाफेच्या इंजिनावर दोन फिरते गोळे बसवले ते ह्यासाठीच. इंजिन जोरात फिरलं की गोळे बाहेर फेकले जायचे आणि वाफ कमी व्हायची. जुन्या डिझेल पंपातही तसेच वजनाचे गव्हर्नर असायचे. आता गोळ्यांच्या जागी चिप आली, एवढंच."

मला ते समजलं इस्त्रीवरून. आपण इस्त्रीची चकती 'कॉटन'वर ठेवतो. इस्त्री तापली की आतला थर्मोस्टॅट वीज तोडतो, निवली की जोडतो. आपण प्रत्येक वेळी बटण दाबत नाही. क्रूझ कंट्रोल तेच करतो. नव्वदचा वेग बांधून दिला की चढावर तो डिझेल जास्त मागतो, सपाटीवर कमी. जुन्या गाड्यांत अॅक्सिलरेटरपासून इंजिनापर्यंत तार जाते, तिथे ती तार ओढणारी मोटर किंवा हवेच्या दाबावर चालणारी डबी बसवावी लागे. आमची २०१४ सालची डिझेल गाडी खालच्या मॉडेलची असली तरी तिच्या पेडलला तार नाही. पेडल किती दाबलं ते विजेच्या इशाऱ्याने इंजिनाच्या संगणकाला कळतं. अशा गाडीत पेडल आणि संगणक ह्यांच्या मधे एक छोटी डबी बसते, आणि आपल्या पायाऐवजी ती तो इशारा देते. काही गाड्यांत तर ही सोय संगणकात आधीच असते, फक्त बटणं दिलेली नसतात. तिथे कंपनीचंच बटण बसवून संगणकाला ते ओळखायला लावलं की काम होतं. तेव्हा कोणी डबी विकायला लागला तर आपल्या गाडीत आधीच काय आहे ते विचारून घ्यावं.

डबी, स्टिअरिंगखालची दांडी आणि मजुरी मिळून साडेअकरा हजार झाले. माझ्या शिकवणीच्या पैशांतून दिले, त्यामुळे खर्चावर चर्चा झाली नाही. आमच्या गाडीची वॉरंटी केव्हाच संपली आहे. नव्या गाडीच्या वायरींना बाहेर हात लावू दिला तर वॉरंटीवरून वाद होऊ शकतो, त्यांनी कंपनीच्या माणसाला आधी विचारलेलं बरं.

बसवताना मी आणि मामंजी दोघंही स्टुलावर बसून होतो. मेकॅनिक मुलगा हुशार होता, पण घाईत होता. दोन तासांत म्हणाला, "झालं ताई, घेऊन जा." मी विचारलं, ब्रेक दाबला की हे सुटतं ना? म्हणाला, सुटतं. क्लच दाबला की? तो म्हणाला, "क्लचचं काय एवढं? ब्रेकला जोडलंय, पुरे." मामंजी लगेच उठून उभे राहिले. क्लच दाबला की इंजिन चाकांपासून सुटतं. डबीला ते कळलं नाही तर गाडीचा वेग पडतोय असं समजून ती आणखी डिझेल मागणार आणि इंजिन रिकाम्या पोटी किंचाळणार! मुलगा हसला, पण क्लचच्या पेडलवर वेगळा स्विच बसवून दिला. वायरींचे जोड त्याने पिळून चिकटपट्टीने गुंडाळले होते, तेही मी सोल्डर करून घेतले. उन्हाळ्यात त्या पट्टीचा गोंद वितळतो, हे आमच्या मिक्सरच्या वायरीने मला शिकवलं आहे.

पैसे देण्यापूर्वी मोकळ्या रस्त्यावर तिघांनी जाऊन परीक्षा घेतली. साठवर वेग बांधला आणि ब्रेकला नुसता पाय टेकवला: सुटला. पुन्हा बांधला, क्लच दाबला: सुटला. दांडीवरच्या बटणाने बंद केला: सुटला. गाडी बंद करून पुन्हा चालू केली, तेव्हा तो आपणहून जागा झाला नाही, हेही पाहिलं. बसवून घेणाऱ्या प्रत्येकीने एवढं बघावंच. मुलाने "ताई, तुम्ही शाळेत शिकवता का?" असं विचारलं. कशावरून ओळखलं कोण जाणे.

आता वापराबद्दल. महामार्गावर चढल्यावर मधल्या लेनमध्ये आले, पुढेमागे मोकळं दिसलं, की मी पंचाण्णववर वेग बांधते. तिथे मोटारींना एकशेवीसची मर्यादा आहे, पण मर्यादा म्हणजे काही उद्दिष्ट नव्हे. पाय काढून घेतला की पहिले काही क्षण चमत्कारिक वाटतं, दुधावरची नजर काढल्यासारखं. मग पोटरी सैल होते. बोटाने दांडी वर केली की एक-एक किलोमीटरने वाढतो, खाली केली की उतरतो. आणि गाडीतली मतं बंद झाली, हा तर मोठाच फायदा! "वेग किती?" "पंचाण्णव." "आणि आता?" "पंचाण्णवच." ह्यावर कोण काय बोलणार? डिझेल फार वाचतं असं मात्र मला दिसलं नाही. चढ पुढे आहे हे मला दिसतं, डबीला तो चढल्यावरच कळतो, मग ती भसाभस पिते.

आमचं यंत्र आंधळं आहे, ही गोष्ट मी कधी विसरत नाही. महागड्या नव्या गाड्यांत रडार असतं, पुढची गाडी हळू झाली की तीही हळू होते. आमच्या डबीला फक्त वेग कळतो. पुढे ट्रक उभा असला तरी ती पंचाण्णवनेच नेणार. म्हणून उजवा पाय मी ब्रेकच्या पुढ्यातच, टाच जमिनीला टेकवून ठेवते. पाय मोकळा झाला म्हणून सीटवर मांडी घालून बसणारे महाभाग मी पाहिले आहेत! गेल्या उन्हाळ्यात जालन्याच्या अलीकडे ट्रकच्या फाटलेल्या टायरचा हातभर पट्टा लेनमध्ये पडला होता. पाय जागेवर होता म्हणून दोन सेकंदांत वेग उतरला आणि मी बाजूने निघाले. वऱ्हाडाकडे कधी रोही आडवी येते, कधी कुत्रं. पावसात तर मी दांडीला हातच लावत नाही. ओल्या रस्त्यावर चाक घसरलं तर पाय आपसूक सैल होतो, डबी उलट वेग राखायला बघते. कसाऱ्याच्या घाटातही नाही. ह्या डबीला ब्रेक लावता येत नाही, त्यामुळे उतारावर गाडी बांधलेल्या वेगाच्या पुढे पळते.

पण मला खरी भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. सिंदखेडराजाच्या पुढे मागे मी दर खेपेला जाते. त्याच भागात १ जुलै २०२३ च्या रात्री खासगी बस उलटून पेटली आणि २५ माणसं गेली. तिथून जाताना माझ्या मनात नेहमी येतं की हा रस्ता किती सरळ, किती एकसारखा आहे. काँक्रीटच्या जोडांवरून चाकांचा टक्-टक् आवाज, दोन्हीकडे तेच कुंपण. अशा रस्त्यावर डोळे उघडे राहतात आणि माणूस आतून झोपी जातो. महामार्ग संमोहन असं त्याला म्हणतात. आधी निदान पायाला काम होतं. आता मी ते काम काढून घेतलं, तर जागं राहण्याचं मला दुसरं काही शोधायला हवं होतं. म्हणून दर वीस-पंचवीस मिनिटांनी मी स्वतःच वेग सोडते, थोडा वेळ पायाने चालवते, मग पुन्हा बांधते. आरसे पाहते, नदीनाल्यांच्या पाट्या मोठ्याने वाचते. दीड तासाला थांबा घेऊन उतरते, गाडीभोवती चालते, टायरांना हात लावून बघते. दुपारी जेवून लगेच निघत नाही, रात्री तर नाहीच. हे म्हणाले, "मग त्या डबीचा उपयोग काय, सगळं तूच करतेस तर?" उपयोग माझ्या पोटरीला विचारा म्हटलं.

दिवाळीच्या आधी आईला डोळे तपासायला छत्रपती संभाजीनगरला नेलं. ती पहिल्यांदाच पुढे बसली होती. थोडं अंतर गेल्यावर तिची नजर खाली गेली आणि ती दचकली. "पाय कुठी हाय व तुहा? गाडी कोन चालवते?" मी तिला दांडी दाखवली, ब्रेकला पाय लावून वेग सुटलेला दाखवला, पुन्हा बांधून दाखवला. तिने सगळं नीट पाहून घेतलं. मग पर्समधून सुपारीची डबी काढत म्हणाली, "पंचाण्णव लई होते. पंच्याऐंशी कर."

मी दांडी दहा वेळा खाली केली.