संमती

आजारी मनुष्यास सल्ल्याची वानवा कधीच भासत नाही. पोट दुखते असे म्हणण्याचा अवकाश, की शेजारी ओवा सुचवितात, आप्त उपवास सुचवितात, आणि बाजारात भेटलेला अर्धवट ओळखीचा गृहस्थ आपल्या मेहुण्याच्या दुखण्याची साद्यंत हकीकत ऐकवितो. परंतु दुखणे थांबले, रोगी हिंडूफिरू लागला, आणि डॉक्टरांनी शांतपणे विचारले की, ‘पुन्हा असे होऊ नये म्हणून आतड्याचा तेवढा भाग काढून टाकावयाचा काय?’ म्हणजे ही सारी मंडळी पांगतात. त्या प्रश्नापुढे मनुष्य एकटा उरतो. गेले वर्षभर मी असा एकटा उरलो आहे.

माझ्या व्याधीचे नाव डायव्हर्टिक्युलायटिस. नाव उच्चारावयास जितके अवघड, तितकी गोष्ट समजावयास सोपी आहे. मोठ्या आतड्याच्या भिंतीतून जेथे रक्तवाहिन्या आत शिरतात, तेथे ती भिंत थोडी दुबळी असते. आतील दाबाने अशा ठिकाणी अस्तर बाहेर फुगते व लहान लहान पिशव्या तयार होतात. पुष्कळांच्या पोटात त्या अखेरपर्यंत निमूट राहतात. पत्ताही लागत नाही. एखादीस सूज आली, की मात्र कळ, ताप आणि अन्नाचा तिटकारा यांनी मनुष्य अंथरुणास खिळतो. पेंटर व बर्किट या दोघा शल्यविशारदांनी 1971 साली असे प्रतिपादन केले की, कोंडा व चोथा नसलेल्या पाश्चात्त्य आहाराची ही व्याधी होय. हे वाचून मला हसावे की रडावे कळेना. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि तुरीचे वरण यांवर या देहाचे पोषण झाले, तरी व्याधीने आमचे घर शोधून काढलेच! पुढील अभ्यासकांनी वय व आनुवंशिकता यांचाही वाटा दाखविला आहे, एवढेच भाकरीच्या बाजूने म्हणता येईल. शेंगदाणे तेवढे मला घरच्यांनी बंद केले होते. अमेरिकेत सत्तेचाळीस हजारांवर पुरुषांची अठरा वर्षे पाहणी होऊन 2008 साली निष्कर्ष निघाला की, दाणे, मका वा लाह्या खाल्ल्याने ही व्याधी वाढत नाही. तो निष्कर्ष मी आमच्या स्वयंपाकघरात वाचून दाखविला; अपील फेटाळले गेले.

अडीच वर्षांत मला चार झटके आले. पहिले तीन औषधांनी व पातळ आहाराने निभावले. चौथ्यात आतड्याशेजारी गळू झाले आणि सुई घालून पू काढावा लागला. मी उमरखेड तालुक्यात राहतो. येथून जिल्ह्याचे ठिकाण यवतमाळ शंभराहून अधिक किलोमीटर, आणि पैनगंगा ओलांडून नांदेड त्या मानाने जवळ. चौथा झटका श्रावणातल्या मुसळधार रात्री आला. मोटारीच्या मागच्या आसनावर गुडघे पोटाशी घेऊन पडलो असता, पुलावर पाणी आले असेल की काय, याखेरीज दुसरा विचार माझ्या मनात नव्हता. पाणी आले नव्हते. परंतु तो प्रश्न पुढे कित्येक महिने माझ्या उशाशी बसून राहिला.

एके काळी हा निर्णय फार सोपा होता. दोन झटके आले की शस्त्रक्रिया, असा दंडकच होता. रोग्याने झटके मोजावेत व डॉक्टरांनी तारीख द्यावी. अमेरिकेतील शल्यविशारदांच्या संस्थेने 2006 साली हा हिशेब मोडीत काढला व प्रत्येक रोग्याचा स्वतंत्र विचार करावा असे ठरविले. कारण असे की, आतडे एकाएकी फुटण्याचे भय बहुधा पहिल्याच झटक्यात अधिक असते. पुढच्या प्रत्येक झटक्यागणिक ते वाढतेच असे नाही. म्हणजे ‘आता कापले नाही तर फुटेल’ ही धमकी निकालात निघाली, आणि तिच्यासवे निर्णय घेण्याचे सुखही गेले! 2017 साली नेदरलँड्समधील एका प्रयोगाचे फळ प्रसिद्ध झाले. वारंवार झटके येणारे किंवा सतत दुखणारे 109 रोगी घेऊन काहींवर शस्त्रक्रिया केली, काहींना औषधांवर ठेविले. सहा महिन्यांनी शस्त्रक्रिया झालेल्यांचे जीवन अधिक सुसह्य ठरले. मात्र त्यांतील काहींचा आतड्याचा सांधा पाझरला व त्यांस पुन्हा टेबलावर जावे लागले. सांधा बिघडला तर काही महिने पोटावर छिद्र ठेवून पिशवीत मलविसर्जन करण्याची पाळी येते. आणि सारे सुरळीत होऊनही व्याधी पुन्हा न उद्भवण्याची हमी कोणी देत नाही. नांदेडचे डॉक्टर म्हणाले, थांबावयास हरकत नाही. नागपूरचे म्हणाले, काढून टाकलेले बरे. शेवटी दोघेही म्हणाले, ‘निर्णय तुमचा.’

अशा वेळी मला एक शंभर वर्षांपूर्वीची संमती आठवते. ‘हिंद स्वराज’मध्ये 1909 साली डॉक्टरांवर व रुग्णालयांवर कठोर टीका करणारे गांधीजी 1924 च्या जानेवारीत येरवड्याच्या तुरुंगात अपेंडिक्सच्या विकाराने आजारी पडले. 12 जानेवारीस त्यांना पुण्याच्या ससून रुग्णालयात आणले. मुंबईहून त्यांच्या विश्वासातील डॉक्टर येईपर्यंत थांबणे धोक्याचे होते. तेव्हा श्रीनिवासशास्त्र्यांसमक्ष संमतीपत्र तयार झाले, कर्नल मॅडॉक यांच्यावर विश्वास व्यक्त झाला, आणि त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली. मध्येच वीज गेली व उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे करावे लागले. जगण्याच्या इच्छेने आपल्यावर मात केली, असे गांधीजींनी पुढे मोकळेपणाने मान्य केले. याच्या अगदी उलट उदाहरण आमच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, पवनार येथे, 1982 च्या नोव्हेंबरात घडले. हृदयविकाराच्या झटक्यानंतर विनोबांनी अन्न व औषध दोन्ही नाकारले आणि शांतपणे देह ठेविला.

ही दोन्ही उदाहरणे थोर आहेत, पण माझ्या उपयोगी एका मर्यादेपर्यंतच पडतात. गांधीजींपुढे एका रात्रीची मुदत होती. विनोबांनी आपले काम संपले असे जाणले होते. मला मुदत नाही, आणि काम तर मुळीच संपलेले नाही. घरी अठ्ठ्याऐंशी वर्षांची आई आहे, बारा एकर शेत आहे.

म्हणून मी झटके मोजण्याचे सोडून मधले दिवस मोजावयास बसलो. जुन्या रोजनिशीत पाहिले. वणीला भाचीचे लग्न होते. गेलो नाही, कारण पोट किंचित जड वाटत होते. कळंबच्या चिंतामणीचा नवस पत्नी एकटीच फेडून आली. शेतावर मुक्काम करणे बंद झाले. पावसाळ्यात तर नदीला पाणी किती, हे पाहूनच मी जेवणाचा घास घेऊ लागलो होतो. चार झटक्यांचे मिळून जेमतेम सव्वा महिना अंथरूण. परंतु भयाने खाल्लेले दिवस मोजले तेव्हा वर्ष उलटून गेले होते. शहरात रुग्णालयाच्या दारात राहणाऱ्यास हा हिशेब कदाचित निराळा पडेल, आणि त्याने थांबावे हेच शहाणपणाचे ठरेल. औषधाच्या पुस्तकात पैनगंगेचा पूर नाही; तो मलाच धरावा लागला.

मी होकार कळविला आहे. कापसाचा दुसरा वेचा आटोपला की मार्गशीर्षात नागपुरास जावयाचे, दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करावयाची, असे ठरले. सांधा पाझरण्याची शंका, पिशवीची शक्यता, सारे मी नीट विचारून घेतले व कागदावर सही केली. आईस सांगितले तेव्हा ती बराच वेळ बोलली नाही. मग तिने एवढेच विचारले, “भाकरी किती दिवसांनी चालेल?” डॉक्टरांना विचारावयाचे तेवढे एक राहून गेले होते. ते आता विचारून ठेविले आहे: काही आठवडे मऊ अन्न, मग हळूहळू भाकरी. तिने ते बोटांवर मोजून पाहिले, आणि माघात हुरड्यापर्यंत जमेल असे स्वतःशीच ठरविले.