परतीचे दहा किलोमीटर

किरनापुरहून लांजीकडे निघालं की एका पुलाच्या कठड्यावर चुन्याची रेघ दिसते. ती मी मारलेली आहे. तिथून बरोबर दहा किलोमीटरवर दुसरी. पावसाळ्यात दोन्ही धुऊन जातात, म्हणून दरवर्षी धानाच्या कापणीआधी नव्याने मारतो. या दोन रेघांच्या मधे माझी सगळी सायकल घडली.

टाइम ट्रायल म्हणजे एकट्याने, घड्याळाविरुद्ध धावायची शर्यत. एकेक सायकलपटू ठरावीक अंतराने सुटतो. पुढच्याच्या मागे लपून वारा चुकवायला सक्त मनाई. सपाट रस्त्यावर चाळिसाच्या वेगाने जाताना अंगातली बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते. आणि हवेचा हिशेब कठोर असतो: ताशी 30चा वेग 36 करायचा, तर हवेसाठी लागणारी ताकद जवळपास पावणेदोनपट होते. म्हणून पायांच्या आधी शरीराचा आकार शिकावा लागतो. कोपरं आत, खांदे कानांकडे ओढलेले, डोकं खाली, पण नजर रस्त्यावर. अशा बसण्यात मान दहा मिनिटांत भरून येते. मी घरी जात्यासमोर ओणवा बसून तसाच अर्धा तास राहायचा सराव केला आहे.

पण खरं कसब परतीच्या वाटेवर कळतं. आमच्या बांध्यांच्या सपाटीवर वाऱ्याला अडवायला काही नाही. जाताना तो पाठीशी असला की वाटतं, आज पाय फारच छान चालताहेत. समजा जाताना 45चा वेग पडला आणि येताना 35चा. सरासरी 40, म्हणजे वीस किलोमीटरला 30 मिनिटं, असं मन सांगतं. प्रत्यक्षात जवळपास 29 सेकंद जास्त लागतात, कारण मंद वेगात आपण जास्त वेळ राहतो. हे गणित वहीत मांडलं त्या दिवशी माझी सायकल बदलली. तेव्हापासून पाठीशी वारा असताना मी जरा हात राखून चालवतो आणि शिल्लक ठेवलेलं समोरच्या वाऱ्यात खर्च करतो. पहिल्या दोन किलोमीटरांत स्वतःला आवरणं हे या खेळातलं सगळ्यात अवघड काम आहे, असं माझं ठाम मत आहे.

29 सेकंद म्हणजे काय, ते 1989च्या टूर द फ्रान्सने दाखवलं. तीन आठवड्यांत तीन हजारांहून जास्त किलोमीटर झाल्यावर शेवटच्या दिवशी व्हर्सायहून पॅरिसपर्यंत 24.5 किलोमीटरची टाइम ट्रायल होती. ग्रेग लेमाँड 50 सेकंदांनी मागे होता. पुढे लांबवलेल्या हँडलवर कोपरं टेकवून तो वाकून बसला, आणि लोराँ फिनोंला हरवून अख्खी टूर 8 सेकंदांनी जिंकला.

माझं एक पदक असंच गेलं. एका शर्यतीत टायरची हवा बघत बसलो आणि सुटायच्या जागी उशिरा पोचलो. या खेळात तुम्ही निघालात की नाही, हे घड्याळ विचारत नाही. तुमची वेळ झाली की ते सुरू होतं. 14 सेकंद तिथेच गेले. तिसरा क्रमांक 9 सेकंदांनी हुकला. घरी आल्यावर बाबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र ते स्वतः पुलावर आले. सायकलची सीट मागून धरून उभे राहिले आणि पाच आकडे मोजले. नांगर धरलेला तो हात इतका स्थिर होता की दोन्ही पाय पेडलवर असूनही सायकल तसूभर हलली नाही.

नागपूरचे डॉ. अमित समर्थ 2017मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत, सुमारे 4,800 किलोमीटर, एका शर्यतीत एकट्याने 12 दिवसांच्या आत गेले. त्या शर्यतीतही घड्याळ झोपेसाठी थांबत नाही. आपल्या शेजारच्या विदर्भातला माणूस तिथे पोचला, हे इथल्या पोरांना मी पुन्हा पुन्हा सांगतो.

आता सीट धरण्याचं काम माझ्याकडे आहे. कापणीनंतर अर्ध्या रस्त्यावर धान वाळत असतं, ते दिवस सोडून दर रविवारी पहाटे साडेपाचला मी त्या पुलावर असतो. ज्याला आपली वेळ मोजायची आहे त्याने यावं. साधी सायकल चालेल, हेल्मेट मात्र हवंच.