गल्ल्यावरचा आवाज

बाहेर जाऊन खाण्याची मला लहानपणापासून हौस आहे. घरच्या जेवणाला नावे ठेवण्याचा यात मुळीच हेतू नाही. पण उपाहारगृहातील बाकावर अनोळखी माणसाच्या खांद्याला खांदा लावून बसावे, समोरच्या ताटलीतून वाफ यावी आणि भोवतीचा गलबला कानांवर पडावा, यात जी मौज आहे ती घरच्या पाटावर कोठून मिळणार?

या हौसेचा उगम मला नेमका आठवतो. आमचे गाव पारनेर तालुक्यातील. कांदा विकण्यासाठी वडील नगरला जात आणि वर्षातून एखाद्या वेळी मलाही बरोबर नेत. पट्टी हातात पडली, की ते मला कापड बाजाराच्या बाजूच्या एका लहानशा हॉटेलात घेऊन जात. मिसळीचा लालभडक रस्सा पाहूनच माझ्या डोळ्यांत पाणी येई. तरीही पावाचा तुकडा त्यात बुडवल्यावाचून राहवत नसे.

त्या हॉटेलात बिलाचा कागद नव्हता. आम्ही हात धुऊन निघालो, की वाढणारा पोऱ्या तेथूनच गल्ल्याकडे पाहून ओरडे, “दोन माणसं, दीड रुपया!” गल्ल्यावरचे शेटजी मान न उचलताच हात पुढे करीत. या आरोळीने माझी छाती फुगे. घरीदारी मी ‘पोरगं’ होतो. नगरच्या त्या हॉटेलात मात्र माझी गणना माणसांत होत असे!

आता मी याच शहरात राहतो. अहमद निजामशहाने वसवलेल्या या शहराचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. जामखेड तालुक्यातील चौंडी या गावी जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांचे ते नाव. पाट्यांवर नवे नाव आले, तरी एस. टी. त चढताना तोंडातून मात्र अजून ‘एक नगर द्या’ असेच निघते.

बाजारही बदलला आहे. चितळे रस्त्यावर भाजी घ्या किंवा कोपऱ्यावर चहा प्या. समोर काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन टांगलेला दिसतोच. जपानमध्ये १९९४ साली मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी हा चौकोन प्रथम तयार झाला, हे वाचून मला मोठी गंमत वाटली. कोठे ते मोटारींचे भाग आणि कोठे आमची कोथिंबिरीची जुडी! आपल्या देशात २०१६ साली यूपीआय ही पद्धत सुरू झाली आणि हा चौकोन दारोदार पोहोचला. फोन त्याच्यासमोर धरावा, आकडा लिहावा, गुप्त अंक दाबावेत; निरोप आपल्या बँकेकडून दुकानदाराच्या बँकेकडे जातो आणि चार-दोन क्षणांत गल्ल्यावरची छोटी पेटी बोलू लागते, “पंधरा रुपये प्राप्त झाले.”

पहिल्यांदा हा आवाज ऐकला, तेव्हा मला तो आरोळी ठोकणारा पोऱ्याच आठवला. त्याचेच काम ही पेटी करते आणि तिचा हिशेब कधी चुकत नाही. फरक एवढाच, की पोऱ्या आधी माणसे मोजी आणि मग रुपये. पेटी फक्त रुपये मोजते.

परवाच्या पावसाळ्यातील गोष्ट. माळीवाडा वेशीजवळच्या एका हॉटेलात मी मिसळ खाल्ली, वर चहा घेतला. बिल झाले ८५ रुपये. फोन चौकोनासमोर धरला. पण पडद्यावरचे चक्र नुसते फिरतच राहिले. बाहेर पावसाने थैमान मांडले होते आणि फोनची रेघ पार नाहीशी झाली होती. खिसे चाचपले, तर त्यांत केवळ किल्ल्या! हल्ली मी रोख पैसे बाळगीतच नाही. मागे उभ्या असलेल्या माणसांच्या नजरा पाठीला टोचू लागल्या.

“असू द्या काका,” मालक म्हणाले, “येता-जाता द्या.”

“उद्याच आणून देतो,” मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो.

महिनाअखेर मी फोनमधील खर्चाची यादी पाहत बसलो होतो. काय काटेकोर यादी ती! दूध, भाजी, औषधे, रिक्षा. प्रत्येकापुढे तारीख आणि वेळ. एका पावसाळी तारखेशी माझे बोट थबकले. त्या दिवशीची मिसळ यादीत नव्हती! मला दरदरून घाम फुटला. जे लिहिलेले होते, ते सगळे फिटलेले होते; जे फिटायचे होते, ते कोठेच लिहिलेले नव्हते. लक्षात ठेवण्याचे काम मी फोनवर सोपवले होते आणि हे देणे फोनला ठाऊकच नव्हते. ते फक्त माझ्या शब्दात होते. मध्ये अकरा दिवस उलटून गेले होते.

तसाच उठलो. पैसे मालकांच्या हाती ठेवले आणि पुटपुटलो, “तुम्ही विसरला असाल...”

“छे, चांगलं ध्यानात होतं,” ते हसून म्हणाले. “म्हटलं, काका गावाला गेले असतील.”

त्यांनी रागाचा एक शब्द उच्चारला असता, तर मला बरे वाटले असते. पण माझ्या वतीने सबब त्यांनीच शोधून ठेवली होती! मी फक्त ‘हो’ म्हणायचे, की सारे निभावणार होते. क्षणभर तो ‘हो’ अगदी ओठांवर आलाही.

“नाही हो,” मी म्हणालो, “गावाला नव्हतो गेलो. रोज याच वाटेने भाजीला जात होतो. विसरलो.”

८५ रुपये देण्यापेक्षा हे चार शब्द देणे मला जड गेले. मालकांनी नोटा गल्ल्यात टाकल्या आणि एक चहा माझ्यापुढे सरकवला. त्या रकमेची आरोळी पेटीने दिली नाही. ती देणार तरी कशी? तिच्या लेखी तो व्यवहार कधी झालाच नव्हता.