फळीच्या पोटावरची चित्रे

चार चाकांची लाकडी फळी विदर्भातल्या पोरांना नवी नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी भंडारा, तुमसर, साकोली, पवनीच्या गल्ल्यांतून तान्हा पोळा निघतो, तेव्हा लाकडी नंदी अशाच फळीवर उभा असतो. सुताराने घडवलेले वशिंड, रंगवलेली शिंगे, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरांची माळ आणि दोरी धरून ओढणारे चार-पाच वर्षांचे पोर. नागपुरात ही प्रथा १८०६ पासून, दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांच्या काळापासून चालत आल्याचे सांगतात. सजावटीला बक्षीस असते, म्हणून घराघरात रंगकाम चालते. खेळ कुठे संपला आणि कला कुठे सुरू झाली, हे इथे सांगता येत नाही.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर १९५०च्या दशकात असेच एक खेळणे तयार झाले. लाटांवर फळी घेऊन स्वार होणारी पोरे समुद्र शांत असला की बेचैन व्हायची. त्यांनी फळीला चाके लावली आणि लाट रस्त्यावर आणली. सर्फिंगचे हे धाकटे भावंड म्हणजे स्केटबोर्डिंग. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली दोन्ही खेळ एकदमच दाखल झाले.

या खेळांची चित्रकला पहिल्यापासून खेळणाऱ्यांच्याच हातची. सर्फर असलेल्या जॉन सेव्हरसनने १९६० मध्ये ‘द सर्फर’ हे नियतकालिक काढले. तो स्वतः चित्रकार होता आणि लाटांवरचे चित्रपटही करीत असे. क्रेग स्टेसिकने लॉस एंजेलिसच्या भिंतींवरची वस्तीतली अक्षरे उचलली, ती फळ्यांवर आणली आणि त्याच वस्तीतल्या पोरांची छायाचित्रे मासिकात छापवून आणली. सांताक्रूझच्या जिम फिलिप्सने १९८५ मध्ये काढलेला निळा हात आजही जगभर दिसतो. बोटे ताणलेली, मनगट तुटलेले आणि तळव्याच्या मधोमध उघडे, किंचाळणारे तोंड. पडण्याची भीती आणि उडण्याची मजा त्या एका हातात एकत्र आली आहे. समीक्षकांनी त्याला फार उशिरा हात लावला, पण पोरांना त्याचा अर्थ पहिल्याच दिवशी कळला होता.

फळी हातात घेऊन पाहिली तर या कलेचे वेगळेपण ध्यानात येते. मेपल लाकडाचे सात पातळ थर चिकटवून, दाबून ती करतात. दोन्ही टोके किंचित वर वळलेली. वरच्या बाजूला पाय घसरू नये म्हणून सँडपेपरसारखा खरखरीत काळा कागद, आणि चित्र असते खाली, फळीच्या पोटावर. स्वार होणाऱ्याला ते दिसतच नाही. तो हवेत उडतो तेव्हा समोरच्यांना क्षणभर दिसते. कठड्यावरून घसरत जाताना ते मधोमध खरवडले जाते, आणि जितका खेळाडू तरबेज तितके चित्र लवकर नाहीसे होते. झिजण्यासाठीच काढलेले चित्र, ही गोष्ट मला या सगळ्या प्रकारात सर्वांत मोलाची वाटते. जपानचा हारोशी अशा मोडलेल्या, टाकून दिलेल्या फळ्या एकावर एक चिकटवून त्यांतून शिल्पे कोरतो. थरांचे मूळ रंग पट्ट्यापट्ट्यांनी शिल्पाच्या अंगावर उमटतात. वेगळा रंग द्यावा लागत नाही.

बाजारही मागे राहिला नाही. सुप्रीम या कंपनीच्या २४८ फळ्यांचा संग्रह २०१९ मध्ये सदबीजच्या लिलावात ८ लाख डॉलरला गेला. त्यांतल्या काहींवर डेमियन हर्स्ट, ताकाशी मुराकामी, जेफ कून्स अशा बड्या कलावंतांची चित्रे होती. त्या फळ्यांवर कुणी पाय ठेवणार नाही. मला त्यांपेक्षा मध्य प्रदेशातले जनवार जवळचे वाटते. पन्ना जिल्ह्यातल्या या खेड्यात उलरिके राइनहार्ड या जर्मन बाईंनी २०१५ मध्ये काँक्रीटचे स्केटपार्क उभारले. शाळेत गेला नाहीस तर फळी नाही, आणि आधी मुलींना, असे तिथले नियम. या उद्यानासाठी काही पैसा कलावंतांनी रंगवलेल्या फळ्या विकून उभा राहिला. चित्र विकले गेले आणि पोरांना चाके मिळाली.

भंडारा जिल्हा तलावांचा आणि धानाचा. इथे सर्फिंगची लाट नाही. पण खेळातून जन्मलेली कला पाहायला इथल्या माणसाला परदेशी जावे लागत नाही. पूर्व विदर्भाच्या या झाडीपट्टीत शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतींचा पट भरतो. धान निघाले की शेतात दाण, म्हणजे शर्यतीची धावपट्टी आखली जाते, जोड्या सुटतात, आरोळ्या उठतात. पटाला सोयरे-धायरे येतात, घरोघरी पाहुणे उतरतात, आणि एवढी माणसे गावात जमली की रात्री नाटक हवेच. दिवसा पट, रात्री पहाटेपर्यंत नाटक, या जोडीवर भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीची रंगभूमी पोसली गेली. दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्ये तिच्याही आधीची. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोली आणि दंडारीच्या अभ्यासाला आयुष्य दिले. याच रंगभूमीचे कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली आणि दाणी सुन्या पडल्या. दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडईच्या, म्हणजे जत्रेच्या जोरावर नाटके तगली. १६ डिसेंबर २०२१ रोजी शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली, १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, चाबूक आणि पिराणी चालत नाही. हे बंधन योग्यच आहे. बैलाला टोचून मिळवलेला वेग पटाची शोभा वाढवत नाही.

पट परतला, पण त्याच्याभोवतीच्या चित्रांकडे कुणाचे लक्ष गेलेले नाही. पटाची जाहिरातपत्रके, नाटकांची रंगीत पोस्टरे, नेपथ्याचे रंगवलेले पडदे, छकड्यांवरची रंगरंगोटी, यांतले फारच थोडे जपले जाते. पोस्टर पुढच्या नाटकाच्या पोस्टरखाली झाकले जाते, पडदा फाटला की फेकला जातो. झिजणे हा या कलेचा स्वभावच आहे, हे खरे. पण कॅलिफोर्नियात झिजलेल्या फळ्याही कुणी तरी माळ्यावर ठेवल्या, म्हणून पुढे त्यांचे ग्रंथ निघाले आणि प्रदर्शने भरली. आपल्याकडच्या कलाशिक्षकांनी, ग्रंथालयांनी आणि नाट्यमंडळांनी एवढे मनावर घेतले तर खर्च जवळजवळ काहीच नाही.

भाऊबीजेपासून मंडया सुरू होतील, मग पटही भरतील. आपल्या गावच्या नाटकाचे एक पोस्टर आणि पटाचे एक पत्रक यंदा घरी आणून ठेवा. पाठीमागे पेन्सिलीने गाव, तारीख, आणि माहीत असेल तर ते चित्र काढणाऱ्याचे नाव लिहा.