टेलिफोनची वही

बँकेतल्या पहिल्या पगारातून घेतलेल्या वस्तूंपैकी आज एकच शिल्लक आहे, रेक्झिनच्या कव्हरची टेलिफोनची वही. उजव्या कडेला इंग्रजी अक्षरांचे कापलेले खाचे. मराठी माणसाच्या वहीत के, पी, एस लवकर भरतात. कदम, कांबळे, कुलकर्णी एकमेकांच्या अंगावर चढतात. क्यू आणि एक्स मात्र कोरेच. त्या पानांवर मी ज्यांचं आडनावच कधी कानावर आलं नव्हतं अशी माणसं लिहिली. स्टेशनरीचे बापू, बोर्डावरच्या ऑपरेटरबाई, रेकॉर्ड रूममधले मामा. घरच्या नंबरांपुढे बहुतेक ठिकाणी ‘पी.पी.’, म्हणजे फोन शेजाऱ्यांचा, तेव्हा उशिरा करायचा नाही.

ही वही कामाला आली ती ड्राफ्टांच्या दिवसांत. ड्राफ्ट देणारी शाखा पैसे देणाऱ्या शाखेला टपालाने अ‍ॅडव्हाइस पाठवायची. ड्राफ्ट गिऱ्हाइकाच्या खिशातून आधी पोचायचा, अ‍ॅडव्हाइस मागून कधीतरी. दोन शाखांच्या नोंदी जुळेनात की वर्षअखेरीला हा ढीग. रीतसर पत्र पाठवलं की स्मरणपत्र, मग दुसरं स्मरणपत्र. त्यापेक्षा ट्रंक कॉल लावून ‘काका, जरा तेवढी नोंद बघता का?’ विचारलं, तर संध्याकाळपर्यंत निकाल. सोलापूरच्या या काकांना मी निवृत्तीपर्यंत पाहिलं नाही. वहीत त्यांच्या नावापुढे पेन्सिलीने लिहिलं होतं : ‘मुलगी दहावीला’. मार्च महिन्यात आधी तिची चौकशी, मग नोंदीची.

यावर काही सहकारी हसायचे. त्यांच्या डायऱ्यांत फक्त साहेब असत. दिवाळीला मिठाईचे पुडे त्याच पत्त्यांवर जात. साहेबांची बदली झाली की ती पानं बाद! बापू मात्र तिथेच, आणि क्लोजिंगच्या रात्री व्हाउचरचे गठ्ठे संपले की कपाटाची किल्ली बापूंकडेच.

आम्हा बायकांची अडचण वेगळी होती. पुरुषांच्या ओळखी संध्याकाळी वाढत, युनियनच्या खोलीत, कॅरमभोवती, लोकलच्या ग्रुपात. आम्हाला घर गाठायची घाई. आमचं जे काही जमायचं ते डब्याच्या अर्ध्या तासात. कुठल्या शाखेत जागा होतेय, कुणाचा अर्ज कुठल्या टेबलावर अडलाय, हे मला भाजीच्या वाटपाबरोबर कळत गेलं. पण एक मर्यादाही तिथेच दिसली. रोज एकाच टेबलाशी बसणाऱ्या बायकांना जे ठाऊक, तेच मला ठाऊक. बँकेच्या ट्रेनिंग कॉलेजात जागा निघाल्याचं मला सांगितलं ते एका कोर्सला भेटलेल्या, पुढे क्वचितच बोललेल्या बाईंनी.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचा १९७३ सालचा लेख खूप उशिरा वाचनात आला. बोस्टनजवळच्या न्यूटनमध्ये ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्याने विचारलं होतं, ती ओळखीची व्यक्ती तुम्हाला किती वेळा भेटायची? ‘वारंवार’ म्हणणारे १७ टक्क्यांहूनही कमी निघाले. बाकी सगळे अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांच्या शब्दावर लागलेले. जवळची माणसं आपल्याच वर्तुळात फिरतात, बाहेरची बातमी दूरचा माणूस आणतो, असं त्याचं म्हणणं. डब्याचं टेबल आणि त्या कोर्सच्या बाई, दोन्ही मला आठवली.

भाची आता आयटीत आहे. लिंक्डइनवर तिच्या ओळखी शेकड्यांनी. ‘पगार अडकला तर अकाउंट्समध्ये कुणाला फोन करशील?’ असं विचारलं, तर म्हणाली, ‘तिकीट टाकेन.’ टाकावं की! नियमाने होणारं काम नियमानेच व्हावं. ओळखीने नियम वाकवणारे मी भरपूर पाहिलेत, आणि त्यांच्यामुळे ‘ओळख’ म्हटलं की लोक नाक मुरडतात. पण तिकिटाच्या पलीकडे एक माणूस बसलेला असतो आणि त्याला सहसा तक्रारीखेरीज कुणाचा फोन येत नाही. तुमचं काही अडलेलं नसताना, या आठवड्यात त्याला एक फोन करा.