गाज कानांनी ऐका, रस्ता डोळ्यांनी पाहा

मालवणला आलात की सायंकाळी बंदर जेटीवरून सिंधुदुर्ग किल्ला डोळे भरून पाहावा आणि बाजारपेठेतून भरड नाक्याकडे रमतगमत चालत यावे. रस्ता अरुंद, माणसे आणि वाहने एकाच वाटेने जातात.

पूर्वी मागून येणारी स्कूटर आवाजावरूनच कळे. विजेवरची स्कूटर संथ गतीत जवळजवळ निःशब्द असते. वेग वाढल्यावरच चाकांचा आवाज जाणवतो. वयपरत्वे कान मंदावतात आणि किनाऱ्यालगत गाज व वारा उरलासुरला आवाजही झाकून टाकतात. त्यात कानाला मोबाईल असेल, तर बोलायलाच नको. धक्का किरकोळ असला, तरी ठिसूळ झालेले खुब्याचे हाड मोडते आणि हिंडते-फिरते माणूस अंथरुणाला खिळते.

युरोपीय संघात जुलै २०२१ पासून प्रत्येक नव्या विद्युत मोटारीला ताशी २० किलोमीटर वेगापर्यंत कृत्रिम आवाज सक्तीचा आहे. दुचाकींना मात्र ती सक्ती नाही. आणि अशा गल्लीबोळांत आपल्या पाठीशी येते ती बहुधा दुचाकीच!

म्हणून पदपथ नसेल तेथे उजव्या कडेने, समोरची वाहने दिसतील असे चालावे. रस्ता ओलांडताना मान वळत नसेल, तर थांबून सारे अंगच वळवावे. फोन आल्यास दुकानाच्या पायरीशी उभे राहून बोलावे. श्रवणयंत्र फिरायला निघतानाही लावावे. सोबत करणाऱ्याने आजी-आजोबांना आतल्या बाजूस ठेवून स्वतः वाहनांच्या बाजूने चालावे.