यजमानाचे ऋण

चि. भाचीस,

अनोळखी माणसाच्या घरी मोबदला न देता मुक्काम करणे कितपत रास्त, हा तुझ्या पत्रातील प्रश्न लांब पल्ल्याच्या सायकलप्रवासाच्या मुळाशी जातो, आणि असा मुक्काम कोणत्या व्यवस्थेवर चालतो हे पाहिल्याखेरीज त्याचे उत्तर देता येत नाही.

सायकलस्वारांच्या मुक्कामाची जुनी संघटित सोय व्यापारी स्वरूपाची होती. ब्रिटनमध्ये १८७८ साली स्थापन झालेल्या आणि पुढे सायकलिस्ट्स टूरिंग क्लब या नावाने ओळखल्या गेलेल्या संस्थेने ठिकठिकाणच्या हॉटेलांशी सभासदांसाठी दर ठरवून घेतले व त्यांच्या भिंतींवर पंख असलेल्या चाकाचे चिन्ह बसवले; तेथे प्रवासी पैसे मोजत असे आणि देणेघेणे तिथेच संपत असे. मुंबईहून १५ ऑक्टोबर १९२३ रोजी निघालेल्या सहा पारशी तरुणांना यजमानांची अशी कोणतीही जागतिक यादी उपलब्ध नव्हती, तरीही त्यांच्यापैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगारा या तिघांनी सुमारे ७१,००० किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा मार्च १९२८ मध्ये पुरी केली.

अशी यादी १९९३ साली उत्तर अमेरिकेत ‘वॉर्मशॉवर्स’ या नावाने सुरू झाली. सायकलवरून दूरचा प्रवास करणाऱ्याला एका सभासदाने आपल्या घरी अंथरूण आणि आंघोळीला गरम पाणी द्यावे, बदल्यात पैसे घेऊ नयेत, आणि निरोपानंतर दोघांनी एकमेकांविषयीचा अभिप्राय नोंदवावा, असा तिचा रिवाज आहे. येथे उपकाराची फेड त्याच यजमानाला केली जातेच असे नाही. ती पुढे, तिसऱ्याच कोणा प्रवाशाला केली जाते. नर्मदा परिक्रमेतील सदावर्ताशी, म्हणजे परिक्रमावासीयांना मिळणाऱ्या शिध्याशी, या रीतीचे नाते वाटते खरे, पण सदावर्तामागे पुण्याची भावना असते, तर येथील यजमान बहुधा स्वतःच कधीतरी भिजून, दमून कोणाच्या तरी दारी उभा राहिलेला असतो.

दक्षिण अमेरिकेत ही रीत अधिक मोकळी आहे. तेथे ‘कासा दे सिक्लिस्तास’, म्हणजे सायकलस्वारांचे घर, या नावाने सायकलप्रवाशांसाठी खुली असलेली घरे अनेक देशांत आहेत. पेरूमधील त्रुहियो येथील घर १९८५ पासून प्रवाशांना आसरा देत आले आहे आणि तेथील वहीत जगभरच्या पाहुण्यांनी नोंदी करून ठेवल्या आहेत. या घराचे मोल त्याच्या भूगोलात आहे. पेरूचा किनारा वाळवंटी आहे, तेथे वारा मुख्यतः दक्षिणेकडून वाहतो, त्यामुळे दक्षिणेस जाणाऱ्याला तो दिवसचे दिवस तोंडावर झेलावा लागतो, आणि त्रुहियोच्या उत्तरेस पाइहान गावाजवळचा रस्ता सायकलस्वारांच्या लुटीसाठी कुप्रसिद्ध झालेला आहे. कोणता टप्पा बसने ओलांडावा हे नकाशा सांगत नाही. ते यजमान सांगतो, आणि प्रसंगी जीव वाचवणारे हे ज्ञान अंथरुणापेक्षा मोठे दान आहे.

वॉर्मशॉवर्सने अलीकडे सभासदत्वासाठी शुल्क घेण्यास सुरुवात केल्यावर अनेक जुने सभासद नाराज झाले. शुल्क व्यवस्था चालवण्यासाठी असेल तर त्यात गैर काही नाही. मात्र शुल्क भरले म्हणून यजमानाच्या घरावर हक्क निर्माण झाला, अशी समजूत पाहुण्यात रुजली, तर सगळी रीतच मोडेल, हे भय खरे आहे.

आता व्यवहाराच्या दोन गोष्टी. एकट्या स्त्रीने मुक्काम ठरवताना तेथे पूर्वी राहिलेल्या स्त्रियांचे अभिप्राय आधी वाचावेत, आणि घरात पाऊल टाकल्यावर मन कचरले तर शिष्टाचाराची पर्वा न करता निघावे. वाऱ्यामुळे पोहोचण्यास उशीर होणार असेल, तर जेवणासाठी खोळंबलेल्या घराला तसे दुपारीच कळवावे.

राहिला ऋणाचा प्रश्न. आपले चिपळूणचे घर मुंबई–गोवा महामार्गापासून दूर नाही, माडीवरची खोली रिकामी आहे, आणि यजमान म्हणून नाव नोंदवण्यासाठी आधी स्वतःचा प्रवास पुरा झालेला असावा अशी अट नाही. तेव्हा आईची संमती घेऊन ही नोंद प्रवासाला निघण्यापूर्वीच करावी. येणाऱ्यांचे जेवणखाण इथली माणसे पाहतील.

कळावे.
मामा